हॉलमधली माझी जागा

कळंबोली,
१२ डिसेंबर १९९६

चि. सौ. सरूस,

गोजराक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? साताऱ्याची थंडी सांभाळ. इकडे सगळे खुशाल, मी धरून (हे मुद्दाम लिहिते, का ते पुढे कळेलच).

तू दिवाळीला दिलास ना, तो आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, त्यानंच हे सगळं केलं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण आमच्या अल्बममध्ये मी म्हणजे चहाचा ट्रे धरलेलं एक कोपर. म्हणून हे कामाला, इथल्या लोखंड बाजारात, गेल्यावर यांच्याच खुर्चीत ऐसपैस बसले, दहापर्यंत आकडे मोजले आणि स्वतःचा फोटो काढला. असा झकास आला म्हणतेस! हॉलमध्ये लावू म्हटलं, तर हे म्हणाले, हॉल पाहुण्यांचा, तिथं तुझं काय. मग मीही हट्टाला पेटले आणि फ्रेम करायला दिला. एकट्या बाईचा एवढा मोठा फोटो म्हणजे ती गेलेलीच, अशी फ्रेमवाल्या आप्पांची समजूत (त्यांचं तरी काय चुकलं, आपल्यात जिवंतपणी कुणाचा लागलाय?). तुम्ही धाकट्या बहीण का, असं मलाच विचारलं. खाली ‘कै. सौ. गोजरा’ लिहून वर चंदनाचा हारही चढवला.

यांनी तो फोटो बघितला आणि मुकाट्यानं हॉलमध्ये सासूबाईंच्या फोटोशेजारी टांगला. शेजारच्या यशोदाबाई आल्या, फोटोला हात जोडून रडल्या आणि मी दिलेला चहा पिऊन गेल्या. हे सकाळी डबा मागतात, तोही फोटोकडे बघून. दोन दिवस मी हसले. तिसऱ्या दिवसापासून सरू, मला भीती वाटायला लागली.

दहाव्या दिवशी गॅलरीत रोजच्यासारखा भाताचा घास ठेवला. कावळा आला, पण शिवेना. तेवढ्यात हे बाहेर आले, हात जोडून म्हणाले, “गोजरा, तुझा फोटो हॉलमधून कधी हलवणार नाही.” लगेच घास उचलला मेल्यानं. मी यांच्या मागंच उभी होते, हातात पळी घेऊन. बारा वर्षांत इतकं मऊ कधी बोलले नव्हते, म्हणून मीही गप्प राहिले.

तुझी,
गोजराक्का

ता. क. कॅमेरा छान आहे. भावजींना सांग.

ता. क. दुसरा: काल दार मीच उघडलं, तरी पोस्टमननं विचारलं, घरात कोणी आहे का? म्हणून उत्तर रजिस्टरनं पाठव, माझ्याच नावानं. पोचपावती तुझ्याकडे परत येईल. तिच्यावर माझी सही आहे का, तेवढं बघून कळव.