केसाइतकीही फट नाही

१३ जानेवारी, सोमवार

या हातांनी केलेल्या वस्तू — देव्हारा, सागवानी, एकही खिळा न मारता. स्वयंपाकघरातली फडताळं. लेकीचा, दीप्तीचा पाळणा, आता तिची पोरगी झोपते त्यात. बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणून जिन्याला तिन्ही मजले भिंतीच्या बाजूने कठडा, मालनच्या गुडघ्यांसाठी. सोसायटीने वळूनही पाहिलं नाही. बाटल्यांच्या झाकणांचे साचे तर किती! दुकानात अजून माझं झाकण दिसलं की फिरवून बघतो. आटे तसेच आहेत. कुणी शिकवलं नाही. बघून बघून, मोडून मोडून शिकलो.

हे आज मांडायचं कारण — सकाळी मालन म्हणाली, "रात्रभर दात खाता तुम्ही. करकर, करकर. भिंतीत घूस शिरल्यासारखं."

तिचं बीपी वाढलंय. डॉक्टरने झोप हवी म्हणून बजावलंय. म्हणून तिने अंथरूण स्वयंपाकघरात टाकलं, जमिनीवर. खाली बसताना तिचे गुडघे वाजले. ते मात्र मला ऐकू आलं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाची वडी चावली आणि दाढेचा कपचा उडाला. खालची, उजवी, शेवटून दुसरी. शेजारच्या वनमालाबाई हळदीकुंकवाला आलेल्या. म्हणतात कशा, "भावोजी, जंत झालेत तुम्हाला! झोपेत दात खाणाऱ्या पोरांना देतात ना, ते औषध घ्या." सगळ्या बायका हसल्या. मालनसुद्धा.

१६ जानेवारी, गुरुवार

मरोळ गावठाणातली दातांची डॉक्टर, आयव्ही. पोरगीच आहे. आरसा आत घालून बराच वेळ बघत होती.

"अंकल, दाढा घासून सपाट झाल्यात. कसलं टेन्शन आहे का?"

"छे!"

मालन भिंतीवरचं जबड्याचं चित्र बघत बसली.

दाढ भरून दिली. शिवाय रात्री दातांवर घालायचं गार्ड सांगितलं — लॅबमधून करून येणार, सात हजार. प्लास्टिकच्या एवढ्याशा तुकड्याचे! साचे करण्यात माझं आयुष्य गेलं. म्हटलं, बघतो.

टेन्शन नाहीच. शिवदासचं काय ते. त्याचा गाळा माझ्या साच्यांच्या गाळ्याला लागून. मधली भिंत पाडून त्याला गोदाम करायचंय, माझा गाळा विकत मागतोय. महिनाअखेरपर्यंत उत्तर दे म्हणाला. काल दारात उभा राहून वर टोमणा — "धाकू, दिवाळीपासून एक ऑर्डर नाही तुला. मशीनला रोज तेल कुणासाठी घालतोस रे?"

मशीन गंजू नये म्हणून घालतो. एवढंही कळत नाही त्याला.

मालनला विचारलं. "तुमचा गाळा, तुम्ही ठरवा." बस.

१९ जानेवारी, रविवार

गार्ड मीच केलं!

आधी कणकेत दात रोवून पाहिले, कणीक ओढली जाते. मग मऊ मेणात ठसा घेतला. जबडा मालनने धरला होता. "हलू नका. लग्नापासून पहिल्यांदा गप्प बसलात, बसा जरा!" हसून हसून तिचाच हात हलला. ठसा दोनदा घ्यावा लागला. त्यात प्लास्टर ओतलं. बरण्यांच्या कामातली खाण्याच्या वस्तूंना चालणारी पारदर्शक शीट उरली होती, ती तापवून दाबली. वरचे दात वरून बसतात, खालचे खालून. केसाइतकीही फट नाही. झकास!

२० जानेवारी

आवाज बंद. पण सकाळी तोंड उघडेना. चहा बशीतून ओढला.

२३ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस कानशिलं ठणकतायत. मालन म्हणते, करकर नाही पण तुम्ही कण्हता. ती अजून स्वयंपाकघरातच.

शेवटी गार्ड डबीत घालून आयव्हीकडे. तिने उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. "कुठल्या लॅबचं?" मी सांगितलं. क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला लिहू!

मग म्हणाली, "अंकल, इतकं नेमकं बसतंय, तोच घोळ झालाय. खालच्या दातांना पकडायला खाचा दिल्यात तुम्ही. जबडा अडकतो आणि तिथेच जोर लावत राहतो. खालून सपाट हवं, गुळगुळीत. दात सरकले पाहिजेत."

"म्हणजे सरकले की दात खाणं थांबेल?"

"तसं नाही. गार्ड झिजेल, दात वाचतील. थांबायचं ते तुमच्या हातात."

साच्यात ढिलं बसलेलं काही मी आजवर गाळ्याबाहेर जाऊ दिलं नाही. सात हजार भरले. घरी येऊन माझं गार्ड देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. टाकवेना.

२८ जानेवारी, मंगळवार

लॅबचं गार्ड आलं. कड एका ठिकाणी खरबरीत होती, डॉक्टरला दाखवली, तिने घासून दिली. रात्री घातलं. आवाज नाही, ठणका नाही.

२९ जानेवारी

मालन उशी घेऊन पलंगावर परत आली! "आलात एकदाचे माणसांत," म्हणाली. दिवा मालवल्यावर म्हणाली, "दीप्तीच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. बटण दाबलं की दार आपोआप उघडतं."

माझ्या तोंडात गार्ड होतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

गाळ्यात दिवसभर बसून होतो. मशीन पुसलं, तेल घातलं. संध्याकाळी शिवदासला उत्तर देऊन टाकलं. घरी येऊन मालनला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

दमलो. जबडा दुखत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पहाटे जाग आली. करकर, करकर. झटकन गालाला हात लावला — गार्ड जागेवर, जबडा सैल. आवाज शेजारून येत होता. मालन दात खात होती.

शिवदास गाळ्याचे अठ्ठ्याऐंशी लाख देत होता. मी नाही म्हटलं.