पाटीवरचा शब्द

४ ऑगस्ट, सकाळी

चि. धाकट्यास,
दादाचे अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर इकडे सगळं क्षेम. तुझ्याकडची खुशाली कळव.

मुद्द्याचं आधी सांगतो, नाहीतर कवितेत शिरेन. दुकान पुन्हा उघडलंय. आपलं बाइंडिंगचं. परवा खळ शिजवली, तर अर्धी गल्ली नाक दाबून डोकावली. मला मात्र तो दरवळ वाटला.

झालं असं. नातीला इंग्रजी क्रियाविशेषणं शिकवताहेत. 'टेम्पररिली'चं वाक्य करायचं होतं. मी ऐटीत अर्थ सांगितला: थोड्या काळापुरतं, तो सरला की सगळं पहिल्यासारखं. तिने दारावरच्या पाटीवरूनच वाक्य उचललं, 'आमचं दुकान टेम्पररिली बंद आहे.' बाईंनी शेजारी लाल शाईत विचारलं, 'कधीपासून?'

"आजोबा, कधीपासून?"

"सहा वर्षं."

"मग वाक्य चुकलं का?"

तुझी वहिनी आतून म्हणाली, "वाक्य बरोबर आहे गं. आजोबा चुकलेत."

घर सोडून जाताना ती पाटी तूच रंगवलीस. मी म्हटलं होतं, नुसतं 'क्लोज्ड' लिही. तू त्याच्याआधी तो लांबलचक शब्द घातलास. सहा वर्षं मी त्याच्याखालून ये-जा केली, मान वर न करता.

आता राहिलेलं लिहितो. हेडमास्तरांनी बांधायला दिलेल्या कवितांच्या पुस्तकाला पुठ्ठा उलटा बसला, तेव्हा त्यांच्यासमोर मी तुझं नाव घेतलं. पुठ्ठा मी चढवला होता. पानात शाळेतली पाठ कविता भेटली, ती म्हणत बसलो, आणि हात आपला खळ लावत राहिला. तुला ठाऊक होतं. माझ्या तोंडून यायची तू आठवडाभर वाट पाहिलीस, मग निघून गेलास.

काल हेडमास्तरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला कशाला सांगता? भावाला सांगा."

म्हणून हे पत्र.

हेडमास्तरांनी तेव्हा न नेलेलं ते पुस्तक मी जपून ठेवलं होतं. आज जुना पुठ्ठा सोडवून नवा चढवला, तीनदा सुलटा बघून. आता दाबाखाली आहे. कण्यावर सोनेरी अक्षरं घालणं मला कधी जमलं नाही, तुला माहीतच आहे. तुझी अवजारं पुसून ठेवलीत.

पाटी उतरवली. शब्द तू निवडला होतास. तो खरा करायचं काम माझ्याकडे होतं. निम्मं झालंय.

कोऱ्या कण्यापाशी बसलेला,
तुझा दादा