‘हो, हेच’ म्हणायला तुम्ही नाही

प्रिय लुईस काका,

काल अस्लमचा फोन आला. नंबर बघून मी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला. "काका गेले रे," तो म्हणाला. "रविवारी सगळे हॉलवर जमतोय. तू पण ये." ज्याचा मी सगळ्यांसमोर अपमान केला, त्याने मला कळवलं! तेव्हापासून कुठे लक्ष लागत नाही, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही होतात तोवर साधं ‘सॉरी’ टाईप झालं नाही माझ्याकडून.

खरं सांगू? जगभर शाखा असलेली तुमची ती संस्था, धर्माधर्मांतला संवाद, यातलं मला काहीही नको होतं. सेकंड इयरला कॉलेज सोडलेलं, घरी रोजची कटकट, आणि नाझिया दर शनिवारी बोरिवलीच्या त्या हॉलवर यायची. बस, म्हणून मी यायचो.

पहिल्या दिवशी तुमच्या गळ्यातला क्रॉस बघून मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सुरू झालो. तुम्ही किती हसलात! "अरे, गोराईचा आहे मी. सात पिढ्या मराठीत भांडतोय." मग माझी नजर सारखी कुठे वळते ते बघून हळूच म्हणालात, "तुला कुणाशी संवाद साधायचाय ते दिसतंय मला."

तुमचा एकच नियम होता. बोलायचंय? आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. तो "हो, हेच" म्हणाला की मग आपली पाळी. मला तो पोरखेळ वाटायचा. यार, बहिरे आहोत का आपण?

आणि तो शनिवार. संस्थेचे दोन पाहुणे परदेशातून आलेले, तुम्ही मधे बसून त्यांना सगळं इंग्रजीत सांगत होतात. अस्लम भाड्याच्या घराबद्दल बोलला. बोलता बोलता थांबला, आणि नाझियाने डोळे पुसले. माझ्यासाठी कधी पुसले होते का तिने? डोकंच फिरलं माझं.

माझी पाळी आली. "याचं म्हणणं काय, तर आम्ही सगळे वाईट आणि हा बिचारा," मी म्हणालो. "एवढा त्रास होतो तर जा ना देश सोडून! कुणी अडवलंय?"

"मी असं बोललो नाही," अस्लम म्हणाला. एवढंच.

पाहुण्यांनी तुमच्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं तेव्हा इंग्रजीत काहीतरी म्हणालात, आणि मग मराठीत मला, "हे वाक्य मी त्यांना सांगणार नाही, पोरा. तू ते परत घेणार आहेस." मी खुर्चीला लाथ घातली आणि निघालो. तुम्ही मला ओरडला का नाहीत, काका? ओरडला असतात तर तुमच्यावर रागावून मोकळा झालो असतो!

पंधरा दिवसांनी तुम्ही घरी आलात. बोट, रिक्षा, बस करत दिंडोशीला, आणि आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. दुखऱ्या गुडघ्याने चार मजले. मी खिडकीतून बघितलं आणि आईला म्हणालो, "सांग, मी नाहीये." बेडरूमच्या दाराआड उभा राहिलो, चोरासारखा.

"नाही का घरी? बरं," तुम्ही म्हणालात. "चपला मात्र इथेच ठेवून गेलाय."

आईने चहा टाकला. तुम्ही तिच्यासाठी सुके बोंबील आणले होते. रात्री मी ते दोनदा वाढून घेतले. त्याचीही लाज वाटते आज.

नाझियाने त्या शनिवारपासून माझा फोन घेतलेला नाही. बरोबरच आहे तिचं.

आता नियमाप्रमाणे आधी तुमचं म्हणणं सांगतो. निघताना तुम्ही मोठ्याने, दाराकडे बघून म्हणालात, "त्याला सांगा, त्याचं ते वाक्य माझ्यापाशीच आहे. मी पुढे कुणाला दिलं नाही. परत घ्यायला त्यानेच यायला हवं. खुर्ची ठेवलीय."

बरोबर सांगितलं ना, काका? पण ‘हो, हेच’ म्हणायला तुम्ही नाही. म्हणजे माझी पाळी आता येणारच नाही. माझी बाजू, माझा राग, माझं प्रेम, सगळं लिहायचं होतं. नाही लिहीत.

अस्लम आहे मात्र. तो त्या दिवशी म्हणाला होता, "ब्रोकर नाव ऐकतो आणि म्हणतो, फ्लॅट गेला. आता अम्मी सांगते, फोनवर तू नाव नको सांगूस, आधी घर तरी बघू दे. स्वतः ठेवलेलं नाव लपवायला सांगताना ती माझ्याकडे बघत नाही." बघा, शब्द न् शब्द लक्षात होता माझ्या. तेव्हाही होता.

रविवारी येतो. नाझिया असो नसो, सगळ्यांसमोर माझं ते वाक्य परत घेईन, आणि अस्लमला त्याचं म्हणणं सांगेन. तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगेन. त्यानंतर माझी पाळी आली, तरी गप्प बसेन.

दाराआड उभा राहिलेला तुमचा,
सिद्धेश