त्या बायका का भ्याल्या?

भिंगार, ईस्टरचा रविवार, २ एप्रिल १९७२

आज चर्चमधल्या बायकांच्या सभेत मी मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट वाचला. कबर रिकामी, येशू मेलेल्यातून उठलाय हे तिथे गेलेल्या बायकांना कळतं आणि त्या भिऊन पळतात, कुणाला काही सांगत नाहीत. तिथून मी घाईनेच पुढे सरकले. मरणावर विजय, हेच साऱ्याचं सार, वगैरे.

मार्थाने मधेच विचारलं, "बाई, एवढी चांगली बातमी, मंग त्या भ्याल्या कशाला?"

तिचा फौजी नवरा डिसेंबरच्या लढाईपासून बेपत्ता आहे.

"नवल वाटलं असेल," मी म्हणाले. किती पोकळ उत्तर!

"न्हाई बाई. लई रडून आत्ता कुठं मी त्यांना मेलेलं धरलंय. उद्या कुनी म्हनलं जित्ते हायेत, तर मी बी पळंन. पुन्हा आशा धरायची म्हंजी..."

शेजारी तिची सासू होती. मुलगा येणारच म्हणून परवाच तिने त्याच्या सायकलला तेल घातलंय. सुनेचं बोलणं ऐकून ती तडक बाहेर गेली. मी कुणामागे जायचं? मार्थाजवळच बसून राहिले. चुकलं का?

भ्याल्या. आजवर मला वाटायचं, त्यांचा विश्वास कमी पडला. पण माणूस आशेलाच भीत असेल तर? मग इतकी वर्षं मी शिकवलं ते काय?

सभा सुटली तेव्हा सासू फाटकाशी थांबली होती. मार्थाने तिचा हात धरला. दोघी घराकडे निघाल्या. हाक मारावीशी वाटली, पण मी आत येऊन ते शेवटचं वचन पुन्हा वाचायला घेतलं.