केळीच्या सोपटाचा वाख

२ एप्रिल
हौद भरला एकदाचा! केळी कापून नेल्यावर बांधावर कुजत पडलेली खोडांची सोपटं माझ्या नवऱ्याने, हरीशने ट्रॅक्टर भरून आणली. प्रशिक्षणाच्या मॅडमनी दिलेल्या कागदावर लिहिलंय — पंधरा दिवस भिजवा, मग खरवडून धागा काढा. सासूबाईंना — मी त्यांना आत्याबाई म्हणते — कागदावरची चित्रं दाखवायला गेले. "मला नको दाखवू. अंबाडीचा वाख काढण्यात जलम गेला माझा." आत्याबाई आहेत, बोलणारच.

आमच्या धाग्याचा नमुना हिंगोलीत पास झाला तर धाग्याचं केंद्र आमच्या गावात. नाही तर शिरड शहापूरला. मग आम्ही बचत गटातल्या सहाजणी परत जीपमध्ये कोंबून परगावी शेतं निंदायला!

९ एप्रिल
आत्याबाई बादलीला अडखळल्या. भर दुपारी, एवढी मोठी निळी बादली! वर माझ्यावरच खेकसल्या.

११ एप्रिल
आत्याबाईंनी हौदात हात घातला, सोपटाला नख लावलं. "काढ भायेर. झालंय." म्हटलं, अजून सहा दिवस आहेत. "उन्हाळ्याचं पाणी हाय. कागदाला ऊन लागतंय व्हय?"
काढलं नाही.

१७ एप्रिल
सगळं सडलं. धागा कसला, नुसता लगदा! वासाने शेजारची म्हैससुद्धा इकडे फिरकेना. रडले. आत्याबाई हौद उपसायला लागल्या, त्याचा जास्त राग आला.

१८ एप्रिल
पुन्हा हौद भरला. कागद फडताळात.

२७ एप्रिल
आज आत्याबाईच हौदाशी बसल्या. एकेक सोपट चाचपून, नखाने सोलून — "हे घे. हे न्हाई, उद्या." मी खरवडत गेले. धागा लांब, मऊ, कुठे तुटत नाही. हाताला एवढं येतं तर गोधड्या शिवणं काहून सोडलं? दोन वर्षं सुईला हात नाही. विचारलं तर "कटाळा आला." कंटाळा कसला, आळस!

२९ एप्रिल
नमुना हिंगोलीला पाठवला. देवा, लाज राख.

२० मे
पास! केंद्र आमचंच! उद्या मॅडम आपल्या धाग्याचं विणलेलं कापड घेऊन येणार. परवा केंद्र सुरू.

२१ मे
मॅडमनी कापड आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. लालभडक. अंगणात लख्ख ऊन. त्यांनी दोन्ही हातांनी चाचपलं, हसल्या, आणि हळूच मला विचारलं, "कोन्ता रंग दिलाय गं?"
दिसत नाही त्यांना. आणि मी आळस म्हणाले. माझीच लाज वाटते.
केंद्र एक दिवस उशिरा सुरू होईल. उद्या आत्याबाईंना घेऊन हिंगोलीला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे.