नहरीची पाळ आणि अभिनवची अट

भिलाई, सेक्टर ६
५ जानेवारी २०२५

ती. कमलताईस,
कलावतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानातलं यंत्र फोनवर शिट्ट्या मारायचं काही सोडत नाही, म्हणून हे पत्रच. सगळं क्षेम आहे, फक्त मी चिडलेली आहे.

हे गेल्यापासून अभिनवला माझी काळजी लागून राहिली आहे, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तर रोजच पुण्याहून फोन. भिलाई सोड, इकडे ये, हे एकच पालुपद. परवा मी आवाज चढवला, तेव्हा म्हणाला की कुणाचा आधार न घेता चार पावलं नीट चालून दाखव, मग पुण्याचं नाव काढणार नाही. मी म्हटलं, चार कशाला, उतईच्या पुलापासून मरोद्याच्या तलावापर्यंत नहरीच्या पाळीने, कालव्याच्या कडेकडेने, चालते. तो हसला, पण कबूल झाला.

यांच्या पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनमधली रिटायर मंडळी दर थंडीत ती वाट चालतात. तिथे गॅसच्या जागी एकट्याने जायचं नाही असा नियम होता, तो या लोकांच्या अंगात इतका मुरला आहे की फिरायलाही जोडीजोडीने जातात. त्यांच्यातले देवानंदभाऊजी आधी जोड्या लावतात, मगच निघतात. माझी जोडी केवलरामभाऊंच्या बायकोशी, रंभाशी. तिच्या बोलण्यातच अर्धी वाट सरेल.

लोभ आहे तितका राहू दे, रागवायचं तर नंतर रागव.

तुझी,
कला

*

तुमसर
११ जानेवारी २०२५

चि. कलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नंतर कशाला, आताच रागावते. सत्तरीला आलीस तरी हट्ट तिसरीतलाच. नवा गुडघा बसवला तो काय पाळीवर घासायला? पाय घसरून नहरीत गेलीस तर ते तुझे कोक ओव्हनवाले म्हातारे तुला काढणार की एकमेकांना?

पोरगा बोलावतो आहे, हाकलत तर नाही. मी नाही का साकोलीचं घर बंद करून शामसुंदरकडे आले? सून चहा हातात देते, दोन वेळा गरम जेवण मिळतं. आपल्या वयात आणखी काय पाहिजे? अभिनवला हो म्हण आणि मोकळी हो.

निघणारच असशील तर गुडघ्याला पट्टा बांध आणि पोचल्याचं कळव. माया आहे म्हणून बोलते, हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

*

भिलाई
२२ जानेवारी २०२५

ती. कमलताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. पट्टा बांधला होता.

रंभाने त्याच दिवशी तिच्या मुलाने, कमलेशने आणलेले नवे कोरे बूट घातले आणि निम्म्या वाटेआधीच तिच्या टाचा सोलल्या. कमलेश स्कूटर घेऊन आला, ती शिव्या देत मागे बसली. झालं, माझी जोडी तुटली! देवानंदभाऊजींनी सगळ्यांना थांबवलं आणि मलाही त्याच स्कूटरवर बसायला सांगू लागले. नियम म्हणजे नियम, काही झालं तर वर गेल्यावर श्यामरावले काय तोंड दाखवू, असं यांचं नाव घेऊन म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी, इथे गॅस नाही, लाखोळीची वावरं आहेत, आणि मी चालून राहिली. निघालेच. ते रागारागाने मागून चालत राहिले.

पुढे पाळ फुटली होती. खाली उतरून पुन्हा वर चढायचं. मी बसून घसरले आणि हातांवर रांगत चढले, लुगड्याचा चिखल अजून निघाला नाही. भाऊजींनी हात पुढे केला होता, मी घेतला नाही. घेतला असता तर अट मोडली असती. गुडघा ठणकत होता, पण मरोद्याचं पाणी दिसलं तेव्हा मला रडू आलं ते दुखण्याने नाही.

तिथूनच अभिनवला फोन लावला. त्याला काय आनंद झाला! आणि त्याच दमात म्हणाला की मग तर तू आमच्या बाळाला, मोनूला सहज सांभाळशील, उत्कर्षाची बाळंतपणाची रजा मार्चमध्ये संपते, तिकीट काढून टाकतो.

ताई, म्हणजे चालता आलं नसतं तरी पुणे, चालता आलं तरी पुणे. राग त्याच्यापेक्षा माझाच आला. घर माझं, पाय माझे, आणि परीक्षा घ्यायला मी त्याला बसवलं! मी सांगितलं, तिकीट काढू नकोस. मेमध्ये महिनाभर मोनूसाठी येईन आणि परत येईन. मला चालता येतं म्हणून मी इथे राहत नाही, मला इथे राहायचं आहे म्हणून राहते. उद्या काठी आली तरी राहीन.

त्याने फोन ठेवला. तेव्हापासून त्याचा फोन आला नाही. जीव तुटतो, सारखी फोनकडे बघते. पण बदलणार नाही. तू तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
कला

*

तुमसर
२९ जानेवारी २०२५

चि. कलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी आधी वाचलं, मग शामसुंदरला मोठ्याने वाचायला लावलं. घर माझं, पाय माझे, इथे तो जरा अडखळला.

त्याने मला साकोलीहून आणलं तेव्हा अट घातली नव्हती. येतेस का, हेसुद्धा विचारलं नव्हतं. गाडी आणली, माझी पेटी ठेवली, कुलूप लावलं. मी मुकाट बसले आणि तुला मात्र शहाणपण शिकवत राहिले. गरम जेवणाचं लिहिलं ते खरं आहे. पण चार वर्षांत मी कोणती भाजी करायची हे एकदाही ठरवलं नाही.

अभिनव रुसला आहे, दुसरं काही नाही. येईल त्याचा फोन. तू नमू नकोस.

काल मी शामसुंदरकडे किल्ली मागितली. कशाला, म्हणाला. घर उघडायला, म्हटलं. त्याने कपाटातून काढून दिली.

तुझ्यावरची माया कुठेही गेले तरी सोबतच येईल. पुढचं पत्र साकोलीला टाक.

तुझी,
ताई