डाव्या पंखावरची टिंबं

अण्णा, तुमचं विमान आता आमच्या घरी आहे. म्हणजे तुमच्या जावयांच्या टेबलावर आहे. घर सिडकोत, टेबल गॅलरीत आणि मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात. तुम्ही गेल्यावर आईनं ते जुन्या चादरीत गुंडाळून सरळ त्यांच्या हातात दिलं. मी शेजारीच उभी होते. माझ्या वाट्याला शिवणयंत्र आलं, जे तसंही माझंच होतं. आता कुणी घरी आलं की हे टेबलावरचा दिवा लावतात, विमान हळूच फिरवून दाखवतात आणि म्हणतात, "सासऱ्यांनी शिकवलं मला." पाहुणे वाकून बघतात, मी पोहे परतते. खरं सांगायचं तर मला तुमच्या जावयांचा हेवा वाटतो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून वाटतो. सवतीचा मत्सर करणाऱ्या बायका ऐकून माहीत होत्या, नवऱ्याचाच करणारी मी एकटीच असेन.

ते रविवार तुम्हाला आठवत असतील. वाळूजच्या कंपनीत आठवडाभर टूलरूममध्ये लोखंडावर रेघा मारायच्या आणि सुट्टीच्या दिवशी घरी येऊन पुन्हा रेघाच मारायच्या, असा तुमचा छंद. लाकडाचा सांगाडा, त्यावर कंपनीतून विचारून आणलेला भंगारातला पातळ पत्रा आणि समोर भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं पान, त्यावर दोन पंख्यांचं मालवाहू विमान. आकार कुणालाही जमतो, तुम्ही म्हणायचे, अंगावरचं काम जमलं तर ते विमान. पत्र्याला पत्रा कुठं जुळलाय ती रेघ दिसली पाहिजे. दाराच्या कडेला रंग घासलेला पाहिजे, कारण चढता-उतरता माणूस तिथंच हात टेकतो. इंजिनामागचे धुराचे पट्टे रंगानं काढले तर काढल्यासारखे दिसायचे, म्हणून तुम्ही देवघरातल्या निरांजनावर वाटी धरून काजळी पाडलीत आणि कापसाच्या बोळ्यानं ती मागच्या बाजूला ओढलीत. आई आठवडाभर त्या वाटीवरून बोलत होती.

मी तेव्हा कुठं होते? दारात. आम्ही दोघं जेवायला यायचो. आल्या आल्या तुम्ही यांना टेबलाशी खुर्ची द्यायचे आणि आई मला आत हाक मारायची, "जावई आलेत, चहा टाक." बँकेत व्हाउचर तपासणारा वैजापूरचा माणूस. यांनी त्याआधी आयुष्यात भिंतीत खिळासुद्धा ठोकला नव्हता. तरी खुर्ची यांना. मी एकदा विमानाच्या शेपटीला हात लावला तर तुम्ही म्हणालात, "बोटाला तेल आसंल, पत्र्यावर डाग पडंल." तेल होतंच. यांच्यासाठी भजी तळत होते ना मी.

आणि मग तो चाकाचा दिवस. लग्नाआधी शिवणाच्या क्लासला नाव घातलं तेव्हा तुम्ही गुलमंडीवरून मला दातेरी चाक आणून दिलं होतं, कागदावरची खूण कापडावर उतरवायचं. लाकडी मूठ, पितळी चाक. तुम्ही मला हौसेनं दिलेली तेवढी एकच वस्तू, म्हणून मी ते उशाशी घेऊन झोपायचे. पंधरवडाही झाला नव्हता आणि ते माझ्या हातून फरशीवर पडलं. एक दात तुटला. तुम्ही चाक उजेडात धरून बघितलं आणि म्हणालात, "हत्यार हाये ते, उलथनं नाय." बस्स, एवढंच. पण मी जेवले नाही त्या दिवशी. पुढं माझ्या प्रत्येक ब्लाउजच्या खुणेत दर फेरीला एक टिंब सुटायचं आणि मी ते खडूनं भरायचे. शिवण वाकडी गेली की तुमचं ठरलेलं, "उसव आन् पुन्यांदा घाल." माझ्या लग्नातलं ब्लाउज तुम्ही तीनदा उसवायला लावलंत.

तर चाकाच्या त्या रविवारी मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते आणि बघते तर तुम्ही माहेरीच राहिलेल्या माझ्या यंत्राचा खण उघडताय. चाक काढता. पत्र्याच्या तुकड्यावर फिरवून बघता. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची टिंबटिंब रांग उमटते, अगदी कॅलेंडरातल्यासारखी. तुमचा चेहरा उजळतो. आणि ते चाक तुम्ही यांच्या हातात देता. "घ्या पाव्हणं, उजवा पंख म्या करतो, डावा तुमी करा. हलक्या हातानं फिरवा." मी म्हणाले, "अण्णा, ते माझंय." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू आता कुठं शिवतीस?" यांनी जपून एक रांग ओढली. तुम्ही म्हणालात, "वा, पाव्हण्यांचा हात लई हलका हाये." चहा मी खाली ठेवला की आपटला ते आठवत नाही. बशीत सांडला होता एवढं आठवतं.

हे सगळं आज उकरायचं कारण असं, की पुढच्या आठवड्यात तुमच्या नातीच्या शाळेत प्रदर्शन आहे आणि विमान तिथं जायचंय. परवा हे भिंग लावून बसले ते दुपार झाली तरी उठेनात. मी जेवायला बोलवायला गेले तर चेहरा पडलेला. "अगं, हे बघ. माझ्या पंखावर जागोजागी टिंब सुटलंय. अन् अण्णांच्या पंखावर एक बी सुटलेलं नाय. माझाच हात उचलला जात असन." मग भिंग खाली ठेवून, "त्यांना दिसलं नसन का गं?"

"दिसलं असतं तर बोलले असते," मी म्हणाले.

"मला?" हे हसले, पण ते हसणं नव्हतं. "मला ते कधीच काही बोलले नाहीत. शेवटपर्यंत पाव्हणं, पाव्हणं. तुला बोलायचे. तूच सांगायची, शिवण उसवायला लावायचे, उलथनं म्हणायचे, अन् मी तिथं बसून चहा प्यायचो. वाटायचं, एकदा तरी मला बी म्हणावं."

मी आत गेले. ताटं वाढली. जेवून हे आडवे झाल्यावर मी गॅलरीत गेले, हात साबणानं दोनदा धुऊन, आणि पहिल्यांदाच तुमचं विमान हातात घेतलं. भिंग उजव्या पंखावर धरलं. टिंब, टिंब, टिंब, आणि मग एक जरा खोल, जरा गोल. पुन्हा तसंच. चाकाच्या दर फेरीला एक. सुईचं. माझ्या चाकाच्या तुटक्या दातानं सोडलेली प्रत्येक जागा तुम्ही हातानं भरली होती, मी खडूनं भरायचे तशी. म्हणजे तुम्हाला दिसलं होतं. डाव्या पंखावरचंही दिसलंच असणार. पण जावयाला चूक कशी दाखवायची, म्हणून राहू दिलंत. चूक दाखवायची ती घरच्या माणसाला. इतकी वर्षं मी त्या खुर्चीवर जळत होते, अण्णा, आणि ती पाहुण्याची खुर्ची होती. मला रडू आलं. त्यात दुःख फारच थोडं होतं. जिंकल्याचा आनंदच जास्त होता.

आज सकाळी हे सुई घेऊन डावा पंख भरायला बसले. मी दिवा धरला. यांनी सुई जरा जोरात दाबली आणि माझ्या तोंडून गेलं, "हलक्या हातानं. हत्यार आहे ते, उलथनं नाही." यांचा हात थांबला. यांनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि हळूच पुढचं टिंब घातलं. छान आलं. तुमच्याइतकं नाही.

हे लिहून मी यंत्राच्या खणात ठेवणार आहे, चाकाच्या खाली. आता ते चाक माझ्याकडे आहे, दुपारी त्यांच्या हत्यारांच्या डब्यातून उचललं. यांचा हात चांगलाच होता, फुटकं माझं चाक होतं, हे त्यांना सांगायला हवं. एका वाक्याचं काम आहे. अजून सांगितलेलं नाही.